दोन गच्च्यांमधली जोडणी

ताईला आपल्या धाकट्या बहिणीचं काय काय खुपतं, हे विचारू नये. काय खुपत नाही ते विचारावं, म्हणजे उत्तर लवकर संपतं. धाकटीचे केस खुपतात, कारण ते अजून काळे आहेत. आवाज खुपतो, कारण त्यावर ती पोट भरते. तिच्या दारापुढचा बाक खुपतो, कारण त्यावर नेहमी कुणी ना कुणी बसलेलं असतं. आणि अलीकडे सगळ्यांत जास्त खुपत होते ते तिच्या गच्चीवरून जाणारे हिरवे ठिपके.

ठिपक्यांची भानगड आधी सांगायला हवी.

आमची वस्ती उतारावर आहे. इंटरनेट कंपनीची जाडजूड केबल पायथ्याशी येते, तिथल्या लोखंडी केबिनमध्ये शिरते आणि थांबते. वर चढायला कंपनी तयार नाही. घरं थोडी, चढण फार, असा त्यांचा हिशेब. तेव्हा ताईनेच कंबर कसली. दारोदार फिरून तिने माणसं जमवली, गच्च्यांवर अँटेना लावायला लावल्या आणि या घरावरून त्या घरावर उड्या मारत लाइन वर नेली. नियमही तिचेच. ज्याला नवी जोडणी हवी त्याने ती स्वतःच्या खर्चाने टाकायची. समोरच्याने गच्ची नाकारायची नाही. आणि टाकलेली जोडणी काढायचा हक्क फक्त टाकणाऱ्याचा. भांडणं होऊ नयेत म्हणून केलेले नियम होते आणि चांगले होते. भांडण दुसऱ्या दाराने आलं, त्याला नियम काय करणार!

उताराला मध्येच पोट सुटलेलं आहे. त्यामुळे वरच्या घरांना केबिन दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्याकडे अँटेना रोखता येत नाही. त्या पोटावर घरं दोनच, रस्त्याच्या अल्याड ताईचं आणि पल्याड धाकटीचं. वडिलांनी दोन लेकींना दोन सारखी घरं बांधून दिली होती, म्हणजे पुढे तक्रारीला जागा नको. सारख्या वाटणीने तक्रार मिटते असं मानणाऱ्या माणसाला लेक एकच असावी.

तर वरून खाली यायला वाटा दोन. धाकटीच्या वाटेवर वरच्या घरांपासून तिच्या गच्चीपर्यंत अँटेना, आणि तिच्यापासून केबिनपर्यंत टेलिफोनची जुनी तार, कारण मध्ये पाण्याची टाकी आडवी येते. ताईची वाट बरोबर उलटी. वरून तिच्यापर्यंत जुनी तार, कारण मध्ये झाडं, आणि तिच्या गच्चीवरून केबिनकडे सरळ अँटेना. अँटेना चपळ, पण गर्दी झाली की गुदमरते. तार म्हातारी आणि संथ, पण एक जण येवो की सगळी वस्ती, तिची चाल तीच. म्हणजे प्रत्येक वाटेला एक तुकडा चपळ, एक संथ. घराघरातले राउटर, ज्यांना आम्ही डबे म्हणतो, ते आपलं आपण बघतात आणि लवकर पोहोचवणारी वाट धरतात. डब्याला ना शेजार कळतो ना उपकार. त्यामुळे वरची निम्मी घरं धाकटीकडून जायची, निम्मी ताईकडून, आणि सगळ्यांचं बरं चाललं होतं.

दोघी बहिणींच्या कॉम्प्युटरवर एक पान उघडायचं. आपल्या गच्चीवरून आत्ता कोण कोण जातंय ते त्यावर दिसायचं, एका घराला एक हिरवा ठिपका. आणि वरच्या लोकांच्या डब्यावर नाव दिसायचं ते फक्त पहिल्या थांब्याचं. कुणाच्या डब्यावर ‘ताई’, कुणाच्या डब्यावर ‘छोटी’. धाकटीला चाळिशी उलटली तरी सगळी वस्ती छोटीच म्हणते. ताईला हेही खुपतं.

ताईचं काम टायपिंगचं. दवाखान्यांतले डॉक्टर रुग्णांबद्दल बोलून ठेवतात, ते आवाज तिच्याकडे येतात, ती ऐकून टाइप करते आणि ठरल्या वेळेत परत पाठवते. बोटं दुखायला लागली होती. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि लोक वेळ बघतात फोनवर. अशात वरच्या बाईंनी, म्हणजे ताईच्या कामाच्या प्रमुखांनी, तिला तपासनीस करायचं ठरवलं. टाइप दुसऱ्यांनी करायचं, ताईने फक्त चुका काढायच्या. ज्या कामासाठी तिचा जन्म झाला होता ते आता पगारावर मिळणार होतं. अट एकच होती. महिनाभर तिची फाइल उशिरा जाता कामा नये. एखादी चुकून गेली तर चालवून घेऊ, म्हणाल्या, दुसरी गेली तर ती जागा दुसऱ्या कुणाला.

असं असताना माणसाने मान खाली घालून टाइप करावं. ताई मात्र एका कानाने डॉक्टर ऐकायची आणि एका डोळ्याने ठिपके बघायची.

त्यातच एकदा बेकरीवाला भेटला. बेकरीवाला वर राहतो आणि त्याचा डबा धाकटीवरून जातो.

“ताई, तुमच्या छोटीमुळे किती सोय झाली हो आमची!”

“छोटीमुळे?”

“मग? डब्यावर नावच येतं ना तिचं. आत्ताच ताजी लादी देऊन आलो तिला. बसवून चहा पाजला हो, सोडेचना.”

ताईने दार लावलं आणि आत येऊन नवऱ्याला म्हणाली, “दारोदार मी फिरले. नियम मी केले. आणि पाव कुणाला, तर तिला.”

ताईच्या नवऱ्याला धाकटी दाजी म्हणते, म्हणून सगळी वस्तीच त्याला दाजी म्हणते. दाजींच्या डोळ्याला भिंग होतं. ते न काढताच ते म्हणाले, “पाव हवाय का? आणून देतो.”

“पावाचा प्रश्न नाहीये!”

“पाव म्हणालीस म्हणून विचारलं.”

संध्याकाळी ताईने तारवाल्याला बोलावलं. वस्तीतल्या सगळ्या अँटेना यानेच विकल्या आणि यानेच बसवल्या. माणूस गोड, आणि विकायला काही असलं की आणखी गोड.

“मला सगळे ठिपके माझ्या गच्चीवर हवेत,” ताई म्हणाली. “सगळेच्या सगळे.”

तारवाल्याने रस्त्यापलीकडे बघितलं. “सोपं आहे. छोटीताईंच्या गच्चीवरून तुमच्या गच्चीवर एक जोरदार जोडणी टाकू. डोळ्याची पापणी लवेपर्यंत पलीकडचं अलीकडे. मग तिच्या गच्चीवर आलेलं गिऱ्हाईक म्हाताऱ्या तारेने कशाला उतरेल? उडी मारेल तुमच्याकडे, आणि तुमच्या अँटेनाने खाली.”

“म्हणजे तिचे सगळे माझ्याकडे?”

“झाडून सगळे.”

“आणि माझे?”

“तुमचे कुठे जातात! तुमच्याकडेच.”

यात खोटं काही नव्हतं. फक्त अर्धंच होतं. ताईने पुढचं विचारलं नाही आणि तारवाल्याने सांगितलं नाही. पुढे एकदा मी त्याला छेडलं तेव्हा तो म्हणाला, “सांगून माझीच विक्री मोडू? मला कुणी पगार देतं का सल्ल्याचा?”

जोडणी बसली. नियमाप्रमाणे धाकटीने गच्ची दिली, शिडीही धरली आणि “ताई, हे कशासाठी गं?” असंही विचारलं. “सगळ्यांच्या सोयीसाठी,” ताई म्हणाली. दुसऱ्या सकाळी तिने कॉम्प्युटर उघडला तर पान हिरवंगार. बेकरीवाला, त्याच्या शेजारचा, त्याच्या वरचा, एक जण सुटला नव्हता. ताईने दाजींना हाताला धरून खुर्चीत बसवलं.

“बघा.”

“बघितलं.”

“नीट बघा. सगळे माझ्यावरून जातायत.”

“बरं झालं,” दाजी म्हणाले. “पण हे चाक का फिरतंय?”

पडद्याच्या मधोमध एक चाक फिरत होतं. फाइल जात नव्हती. अर्ध्या वाटेवर थांबली, दमली, पुन्हा निघाली. ती पोहोचली तेव्हा वेळ टळून गेली होती. वरच्या बाईंचा निरोप आला: ही पहिली.

आता यात काय झालं होतं ते सांगतो, कारण तेव्हा आम्हा कुणालाच कळलं नाही. नवी जोडणी टाकल्यावर वरच्या प्रत्येक डब्याला दिसलं की धाकटीकडे चपळ अँटेनाने जावं, पापणी लवेपर्यंत ताईकडे उडी मारावी आणि तिच्या चपळ अँटेनाने उतरावं. म्हातारी तार लागतच नाही. एका डब्याला दिसलं तेच सगळ्यांना दिसलं. जे पूर्वी धाकटीचे होते ते तर या वाटेने गेलेच, जे ताईचे होते तेही आधी धाकटीकडे गेले. दोन्ही अरुंद तुकड्यांवर सगळी वस्ती, आणि दोन्ही रुंद तारा ओस. सगळ्यांनाच पूर्वीपेक्षा उशीर व्हायला लागला. बरं, एकट्याने जुन्या तारेकडे वळावं तर उरलेल्या अर्ध्या वाटेत गर्दी तीच, उशीर तेवढाच. मग कोण वळतो?

आम्ही मात्र एकमेकांवर घसरलो. बेकरीवाला दिवसभर सिनेमे उतरवतो, असं कुणी म्हणालं. बेकरीवाला म्हणाला, भट्टीपुढे उभं राहून सिनेमा बघणारा एक तरी दाखवा. दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्या वरच राहतात आणि पहिल्यापासून ताईच्या बाजूच्या, त्यांनी लहान मुलांच्या खेळांवर बंदी सुचवली. धाकटीचे गाण्याचे वर्ग लाइनवर चालतात. तिचे विद्यार्थी तिकडे सूर लावायचे आणि इकडे नुसती उचकी ऐकू यायची. ताई म्हणाली, “तिच्या गच्चीवरची अँटेनाच जुनाट आहे. माझ्याकडे काही दोष नाही.”

शेवटी एका रविवारी सकाळी बैठक झाली. कुठे, तर धाकटीच्या दारापुढच्या बाकावर. ताई उभी राहिली, बसली नाही. पूर्वी बरं चालायचं तसंच करून बघू, म्हणून ठरलं असं की रस्त्याच्या डाव्या हाताच्या घरांनी डबा हाताने धाकटीच्या जुन्या वाटेवर लावायचा, उजव्या हाताच्यांनी ताईच्या जुन्या वाटेवर, आणि मधल्या जोडणीला कुणी शिवायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुपारपर्यंत लाइन लोण्यासारखी चालली.

आणि मधली जोडणी रिकामी पडली. रिकामी, चपळ आणि समोर दिसणारी. बेकरीवाल्याच्या मनात आलं, मी एकट्याने गेलो तर कुणाचं काय बिघडतंय? डॉक्टरीणबाईंच्या मनातही नेमकं तेच आलं, फक्त त्यांनी ते रुग्णांच्या सोयीच्या नावावर टाकलं. माझ्याबद्दल विचारू नका. संध्याकाळी चाक पुन्हा फिरायला लागलं तेव्हा सगळ्यांनी एकमेकांना विचारलं, “तुम्ही बदललं का हो?” आणि सगळ्यांनी सांगितलं, “छे! मी कशाला?”

दाजींना तेव्हा थोडं उमगलं होतं. घड्याळवाल्याची नजर, काय नवीन बसवल्यापासून बिघाड सुरू झाला ते आधी बघणारी. जेवताना म्हणाले, “ती जोडणी काढून बघ ना एकदा.”

“का?”

“ती टाकल्यापासून होतंय हे.”

“म्हणजे निम्मे ठिपके तिला परत देऊ?”

“ठिपके खाणार आहेस का? तपासनीस व्हायचंय ना?”

“दोन्ही होणार आहे,” ताई म्हणाली. “जेवा.”

महिना सरत आला. रोज फाइल कशीबशी काठावर पोहोचत होती. ताई पहाटेच उठून कामाला लागायची, म्हणजे लोक जागे व्हायच्या आत काही तरी जाईल. शेवटच्या दिवशी मोठी फाइल होती, एका शस्त्रक्रियेची, लांबलचक, आणि ती दुपारी जायची होती. सकाळपासून चाक फिरत होतं. आवाजच धड उतरत नव्हता, टाइप काय करणार? डॉक्टर “यकृताच्या” म्हणून थांबायचे आणि यकृताचं काय झालं ते पुढच्या दहा मिनिटांत कळायचं नाही.

वस्तीला या दिवसाची कल्पना होती. बेकरीवाला म्हणाला, जाऊन सांगूया ताईला, काढा म्हणावं जोडणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांगून बघितलं, माझ्याच दातांवर बोलली. एव्हाना धाकटीने तारवाल्याला कोपऱ्यात घेऊन सगळं काढून घेतलं होतं. ती म्हणाली, “तुम्ही नका जाऊ. मी जाते.”

“तुझं ऐकेल ती?”

“माझं कधी ऐकलंय?” धाकटी म्हणाली आणि चपला घालून रस्ता ओलांडून गेली.

ताई खुर्चीतून उठली नाही. “काय गं? माझं काम चाललंय.”

“जास्त वेळ घेत नाही. एक विनंती होती.” धाकटी दाराशीच उभी राहिली. “सगळे म्हणतायत तुला जोडणी काढायला सांगूया. ताई, काढू नकोस हं.”

ताईची बोटं थांबली. “काय?”

“काढू नकोस. तुझे उपकार आहेत माझ्यावर. तू ती टाकल्यापासून वरच्या सगळ्यांच्या डब्यावर माझंच नाव येतं.”

“सगळ्यांच्या? निम्म्यांच्या म्हण.”

“निम्म्यांच्या आधी यायचं. आता तुझेही पहिले माझ्याकडेच येतात ना, मग उडी मारून तुझ्याकडे. काल डॉक्टरीणबाई आल्या होत्या. म्हणाल्या, इतकी वर्षं ताईकडून जात होतो, आता तुझ्याकडून. बाकावर कितीतरी वेळ बसल्या होत्या. दातांचा ब्रश देऊन गेल्या.”

“डॉक्टरीणबाई?”

“हो ना. आणि कोपऱ्यावरचे रिटायर्ड मास्तर. तेही तुझेच ना? आता माझं नाव घेतात.” धाकटीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “वर्ग बुडतायत माझे, पण असू दे. एवढी माणसं कधी आली होती गं माझ्याकडे? तू काढलीस तर निम्मी परत तुझ्याकडे जातील. म्हणून म्हटलं, बहिणीला सांगून ठेवावं. बसते मग, चालू दे तुझं.”

“बसू नकोस,” ताई म्हणाली.

धाकटी गेली. ताईने कॉम्प्युटरवरचं पान उघडलं. सगळे ठिपके हिरवे, जागच्या जागी. इतके दिवस ज्यांच्याकडे बघून तिला बरं वाटत होतं, त्यातला प्रत्येक ठिपका आता आधी पलीकडच्या बाकावर बसून आल्यासारखा दिसायला लागला. डॉक्टरीणबाईंचा तर जास्तच.

“अहो!” तिने हाक मारली. “शिडी लावा.”

दाजी लगेच उठले. दुकान उघडं टाकून त्यांनी शिडी लावली. ताई स्वतः वर चढली. गुडघे दुखतात तिचे, एरवी ती स्टुलावरही चढत नाही. केबिनकडची अँटेना तिने तशीच ठेवली, आणि रस्त्यापलीकडे तोंड केलेली नवी अँटेना पकडून, पाना न मागता, नुसत्या हाताने पिळून पिळून उपसली. मग ती काखोटीला मारून खाली आली आणि कोळशाच्या पोत्यामागे फेकली.

ती खुर्चीत बसेपर्यंत चाक नाहीसं झालं होतं. वरच्या डब्यांना उडी मारायला जागाच उरली नव्हती, मग काय करतील? निम्मे इकडे, निम्मे तिकडे, जसे पूर्वी. यकृताचं काय झालं ते डॉक्टरांनी एका दमात सांगून टाकलं. ताईने मान खाली घालून टाइप केलं आणि फाइल अशी गेली की गेल्याचं कळलंही नाही. दुपारीच वरच्या बाईंचा निरोप आला. पुढच्या सोमवारपासून तपासनीस.

दाजी मागे येऊन उभे राहिले. “झालं ना मनासारखं? छोटी म्हणतच होती, उलटं सांगितलं तर संध्याकाळच्या आत—” आणि मग त्यांनी जीभ चावली.

ताई हळूच वळली. “काय म्हणत होती?”

“काही नाही.”

“कधी म्हणत होती?”

“सहज. दुकानावरून जाताना.” दाजींनी भिंग डोळ्याला लावलं. ते हातात घड्याळ नसताना लावलं, तिथेच सगळं उघड झालं.

ताईने मनातल्या मनात बेरीज करून बघितली. नोकरी तिची झाली होती. तार, अँटेना, ठिपके, सगळं जिथल्या तिथे. वस्ती खूश. तोटा कुठेच दिसत नव्हता, आणि तरी तिला लुबाडल्यासारखं वाटत होतं. धाकटीने तिच्याकडे काही मागितलंच नव्हतं. फक्त ताईला काय टोचतं ते ओळखलं आणि नेमकं तिथे बोट ठेवलं. ताईला वाटलं, आपल्याला बेचाळीस वर्षांत एकदाही तिच्या बाबतीत हे जमलेलं नाही. केसांपेक्षा, आवाजापेक्षा, बाकापेक्षा हे फार वाईट होतं.

पोत्यामागची अँटेना परत बसवावी असंही क्षणभर आलं मनात. पण सोमवार डोळ्यांपुढे होता.

तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पलीकडे धाकटी, गाण्याच्या खोलीत, मागे पेटी. चित्र इतकं स्वच्छ की तिच्या कानातल्या खड्यावरचा उजेड दिसत होता.

“ताई! दाजींनी कळवलं. अभिनंदन गं! मला खरंच खूप—”

“ऐकू येत नाहीये,” ताई म्हणाली.

“आत्ता तर छान चाललंय. तू मला अगदी समोर बसल्यासारखी दिसतेस.”

“तुझा आवाज तुटतोय,” ताई म्हणाली. “तुझ्याकडचीच लाइन खराब आहे.” आणि तिने फोन ठेवला.